काळा दगड दिसेपर्यंत

चिंचखार, ता. मुरूड
१४ जुलै २०२५

ती. रत्नपालदादास,
मैत्रीचा कडक जयभीम. वि. वि.

हे पत्र उघडताना तू आधी लाल पेन शोधणार, म्हणून मुद्दाम तीन चुका पेरून ठेवल्यात. सापडल्या तर कळव, नाही सापडल्या तर बी.एड.ची डिग्री परत कर. तुझ्या डोंगरावर रेंज नाही ही शिक्षा तुला की मला, तेच कळत नाही. दहावीला पत्रलेखनात मला पाचपैकी एक मार्क होता, तोही बहुतेक तारीख बरोबर लिहिल्याचा. पोस्टाची पेटी शोधत गेले तर गुणाजीकाका पोस्टमन म्हणाले की पेटीत गांधीलमाश्यांनी घर केलंय, पत्र हातातच दे, आणि दादाला सांग की आजकाल पत्र लिहिणारे फक्त तुरुंगातले नाहीतर तुझ्यासारखे.

घरी सगळे ठीक. बाबा आगरदांड्याच्या जेट्टीवर तिकिटं फाडतायत, आई तुझ्या नावाने सुकट भरून ठेवतेय. गणिताचा पेपर दुसऱ्यांदा देऊन झाला. कसा गेला विचारू नकोस. गेला, एवढंच खरं.

मोठी बातमी म्हणजे मी कामाला लागले. आपल्या शाळेच्या अंबाजी हेडसरांनी बोलावणं पाठवलं. मला वाटलं मागच्या वर्षी घंटेच्या लोलकाला मोजा घातला होता ते उघडकीला आलं. पण सर गोड बोलत होते. म्हणाले की तुझं डोकं वाया गेलं तरी अक्षर वाया गेलेलं नाही, बॅनर रंगवायला ये. मुंबईची एक संस्था शाळेत ‘शाश्वत भविष्य प्रकल्प’ आणतेय आणि मी त्याची युवा स्वयंसेविका. टी-शर्ट दिलाय, त्यावर ‘मी भविष्य घडवते’ असं लिहिलंय. साइज एवढा मोठा की भविष्यासोबत आईपण मावेल. ‘शाश्वत’ हा शब्द मी आजपर्यंत चौदा वेळा रंगवला. सरांनी विचारलं की अर्थ तरी कळला का? मी म्हटलं, जे संपता संपत नाही ते शाश्वत, जसं तुमचं पंधरा ऑगस्टचं भाषण. त्यांनी मला डबा आणि ब्रश घेऊन ओट्यावर पाठवलं.

पोरांना एक फॉर्म भरायचा होता: २०४७ साली तुमचं गाव कसं असेल? एकतीस पोरं, खिचडीची वेळ झालेली, कुणाला काही सुचेना. मग मीच बसून एकतीसच्या एकतीस फॉर्म भरले. सगळ्यांवर एकच उत्तर: ‘आमचं गाव पाण्याखाली असेल, पण रेंज पूर्ण असेल.’ कुणी वाचत नाही रे, काळजी करू नकोस.

आता खरी गोष्ट. संस्थेने शाळेला एक टॅबलेट दिलाय, त्यात ‘भरतीमित्र’ नावाचं ॲप. भरती चालू असली की लाल दिवा, ओहोटी लागली की हिरवा. त्या दिव्यावर म्हणे पोरं आपली उघाडी चालवणार. म्हणजे सगुणाआत्याची उघाडी! बांधातल्या त्या मोरीच्या फळ्या भरतीचं खारं पाणी अडवायला बावीस वर्षं कोण पाडतं आणि पावसाचं पाणी सोडायला कोण उचलतं, हे संस्थेच्या मॅडमना कुणी सांगितलेलंच दिसत नाही. आत्या तिथी मोजते, तिला पाऊणाने गुणते, की जेट्टीवर भर पाणी कधी ते निघतं. तिथून खाडीतून आपल्या बांधापर्यंत पाणी यायला आणखी एक भाताचा टोप. चुलीवर टोप चढवायचा, तो उतरला की बांधावर भर पाणी. मग ती टोप झाकून उघाडीवर पळते आणि फळ्यांच्या फटी चिखलाने लिंपत बसते. मोरीतला काळा दगड उघडा पडेपर्यंत फळी उचलायची नाही. इतकं साधं आहे, पण यात दिवा नाही ना.

बांध राखायची जी आपली जोळ आहे, तिचे पुढारी दिनानाथ पाटील तर खूश. म्हणाले, आता चिंचखार नकाशावर येणार. आत्याला कुणी काही विचारलं नाही. ती म्हणते की तिला बोलावतील तेव्हा ती सांगेल. दादा, तिला कधी बोलावणार रे कोण?

लोभ आहे तेवढा राहू दे, वाढवलास तर ठेवायला घरात जागा नाही.

तुझी,
मैत्री (युवा स्वयंसेविका)


वरची वाडी
२१ जुलै २०२५

चि. मैत्रीस,
अनेक आशीर्वाद व सप्रेम जयभीम. वि. वि.

तुझं पत्र सहाव्या दिवशी मिळालं. चुका तीन नाहीत, एकोणीस आहेत. पत्र सोबत परत पाठवत नाही, कारण मला ते पुन्हा वाचायचं आहे.

इथे पाऊस सोडत नाही. शाळेत चौदा मुलं, सगळी कातकरी वाडीतली, त्यातली नऊ माझ्या आधी शाळेत येतात आणि मला कुलूप उघडून देतात, कारण चावी फिरवायची युक्ती त्यांनाच जमते. मी त्यांना ‘परिसर अभ्यास’ शिकवतो. पुस्तकात जंगलातल्या पाच उपयुक्त वनस्पतींची नावं आहेत. काल ठकू नावाच्या पोरीने मला सदतीस सांगितल्या आणि मग विचारलं की पुस्तक लिहिणारा गुरुजी कधी जंगलात गेला होता का. मी सांगितलं की बेटा, तो धडा परीक्षेपुरता आहे. ती समजून घेतल्यासारखी हसली. मला ते हसणं फारसं आवडलं नाही.

तो फॉर्म आमच्याकडेही आला आहे. तू केलंस ते बरोबर नाही. मुलांना विचारलेलं मुलांनीच सांगायला हवं. नाहीतर मग आपण आणि ते लोक यांत फरक काय?

उघाडीबद्दल म्हणशील तर लगेच भडकू नकोस. नव्या गोष्टीत सगळंच वाईट नसतं. आत्याचे गुडघे किती दुखतात ते तुला दिसतं ना? उधाणाच्या दिवशी ती तीन-तीन तास कमरेएवढ्या चिखलात उभी असते. मुलं जबाबदारी शिकतील, तिला विश्रांती मिळेल. संस्थेचं प्रशिक्षण अलिबागला झालं तेव्हा मीही होतो, माणसं चांगली आहेत. गावाची माहिती त्यांना कुणीतरी दिलीच असेल, त्यात एवढं काय.

मात्र एक विचारतो. पाऊणकी, म्हणजे पाऊणाचा पाढा, तुला पाठ आहे का? मला येत नाही. आमच्या वेळेपासूनच पुस्तकातून गेली होती. आत्याकडून लिहून घेऊन पाठव.

आणि खोड्या कमी कर. तू शाळेची घंटा मुकी केलीस, दिनानाथकाकांच्या गाडीत जिवंत चिंबोऱ्या सोडल्यास, माझ्या साखरपुड्याच्या दिवशी नवरदेव पळाला अशी बातमी उठवलीस. एवढं सगळं केलंस, पण बांधावर ‘खांड गेली’ अशी खोटी आरोळी तू कधी दिली नाहीस. बांधाला भगदाड पडल्याशिवाय ती आरोळी द्यायची नाही, आणि ऐकली की तिरडीला खांदा दिलेल्या माणसानेही खांदा बदलून फावडं घेऊन पळायचं, हे आपल्या गावात तान्ह्या पोरालाही कळतं. तेवढी एक गोष्ट तू पाळलीस म्हणून मी तुला अजून माणसांत धरतो.

अभ्यास कर. आईला सांग सुकट पोचली, ओली झाली, तरी खाल्ली.

तुझ्यावरचा लोभ कमी होत नाही, हीच माझी अडचण आहे.

तुझा दादा,
रत्नपाल


चिंचखार
३ ऑगस्ट २०२५

ती. दादास,
दुसऱ्यांदा नापास बहिणीचा जयभीम. वि. वि.

एकोणतीस मार्क. आधी सव्वीस होते. या वेगाने गेले तर दोन खेपांत पास होईन, हे त्रैराशिक मी स्वतः सोडवलं. आई दोन दिवस बोलली नाही. बाबा म्हणाले की जेट्टीवर गणित पास झालेले चारजण आहेत आणि सुटे द्यायला सगळे चुकतात.

त्या फॉर्मचं काय झालं ऐक. संस्थेच्या मॅडम ते वाचून रडल्या! मुंबईत त्याची रंगीत पट्टी काढली. ‘चिंचखारच्या शंभर टक्के मुलांच्या मनात बुडण्याची भीती.’ आता पोरांची भीती घालवायला एक बाई दर गुरुवारी येऊन त्यांना डोळे मिटून श्वास घ्यायला लावते. पोरं खूश, गुरुवारी गणित होत नाही.

पण खरं ऐक. परवा उघाडीची चाचणी झाली. टॅबलेट सांभाळायला चौथीतली यशरा, मोहल्ल्यातली, जिचे अब्बा कुवेतला आहेत ती. बोटं छोटी आणि डोकं लख्ख. दिवा हिरवा झाला, पोरांनी फळ्या उचलल्या, पावसाचं साठलेलं पाणी खाडीत धो-धो गेलं, टाळ्या. पण चाचणी कधी घेतली माहितीय? अष्टमीला! अष्टमीला भांगाचं पाणी. त्या दिवशी भरती इतकी मरतुकडी असते की काळा दगड धड बुडतही नाही. फळ्यांच्या जागी आईचा पदर लावला असता तरी चाचणी पास झाली असती. आत्या बघत उभी होती. सरांना म्हणाली की पाणी वळलं म्हणजे गेलं न्हाय गुरुजी. सर म्हणाले की हो हो, तुमचंही मार्गदर्शन घेऊ. आणि फोटोत मागे कपडे वाळत होते म्हणून तिला जरा बाजूला व्हायला सांगितलं. ते कपडे तिचेच होते.

यशराने सरांना विचारलं की काळा दगड दिसल्याशिवाय फळी उचलायची नाही असं मैत्रीताई सांगते, ते खरं का? सरांनी माहितीपुस्तिका चाळली आणि सांगितलं की पुस्तिकेत दगड नाही.

आता मोठा कार्यक्रम अकरा तारखेला. खाडीकाठच्या मैदानात मांडव, पाहुणे, दिवा हिरवा झाला की प्रमुख पाहुणे आणि यशरा मिळून फळ्या उचलणार. सरांनी त्याला नाव दिलंय ‘भविष्याचं दार उघडणे’. बॅनर मीच रंगवला. त्या दिवसापासून फळ्या शाळेच्या ताब्यात, आत्याला शाल आणि नारळ. वेळ छापलीय दीड वाजताची. आता हिशेब कर. अकराला तिथी वद्य बीज. बे पाऊणे दीड. बरोबर, दीडला पाणी भरतं, पण जेट्टीवर! बांधावर यायला भाताचा टोप. म्हणजे ॲप हिरवं होईल तेव्हा आपल्याकडे पाणी चढतच असणार, तेही बिजेचं उधाण. आणि हे लोक त्याला दार उघडून देणार!

मी कुणाला काही सांगणार नाहीये. एकोणतीस मार्कवालीचं ऐकतो कोण? मी मैदानात जाऊन पावलांनी मोजून आले. पाणी मोरीतून आत येईल, नाल्याने वळेल आणि थेट पाहुण्यांच्या सोफ्याखाली. सोफा तरंगतो का, हा प्रयोग चिंचखारच्या इतिहासात पहिल्यांदाच होईल. सरांचं भाषण निदान एकदा तरी वेळेत संपेल. आणि मग सगळे आत्याच्या दारात जातील. आपल्या लोकांना गावाने बांधाच्या टोकाला घरं दिली, कारण पाणी आलं तर आधी आपल्याला भिजवावं. आत्याने त्यातूनच गावाचं घड्याळ केलं. ते काढून घेताना एक शाल? मग जरा बूट भिजू देत त्यांचे.

कुणाला बोलू नकोस. तसंही तू कुणाला सांगणार, डोंगराला?

लोभ असू दे, विश्वास तर ठेवच.

मैत्री

ता. क. पाऊणकी सोबतच्या कागदावर. आत्या म्हणत गेली, मी लिहीत गेले, यशराने तपासली.


वरची वाडी
८ ऑगस्ट २०२५

मैत्री,

जयभीम. पत्र आत्ता, दुपारी मिळालं. ओढा भरून वाहतोय, मुलांना सोडून मला उतरता येत नाही. वाडीतला एक माणूस कमरेला दोर बांधून पलीकडे जातोय, त्याच्याकडे हे देतो. बाबांचा नंबरही दिला आहे, रेंज आली की फोन करून ‘अकराला फळी उघडू नका’ एवढंच सांग म्हटलं आहे. पत्र वेळेत पोचेल असं मला वाटत नाही, तरी लिहितो.

मैदान तू पावलांनी मोजलंस. मोरीच्या आतल्या अंगाला काय आहे ते मोजलंस का? पहिले तीन तुकडे आपले, मग आपल्या वाडीचे, त्याच्यापुढे मोहल्ल्यातल्यांचे, आणि सगळ्यात उंचावर दिनानाथकाकांचं शेत. लावणी होऊन महिना झालाय. खाऱ्या पाण्याने हे भात जळेल आणि पुढची तीन वर्षं त्या जमिनीत काही उगवणार नाही. सोफा उचलून दुसरीकडे ठेवता येतो, मैत्री.

आणि हात फळीला कुणाचा असेल? पाहुणे गाडीत बसून जातील. गाव आयुष्यभर सांगेल की मोहल्ल्यातल्या त्या पोरीने शेतं बुडवली.

आता माझं. तुला पहिल्या पत्रापासून वाटतंय की आत्याला विसरणारे ते लोक कुणीतरी परके आहेत. प्रशिक्षणात ‘तुमच्या गावातली एक समस्या लिहा’ असा कागद होता. मी लिहिलं: माझी आत्या, वय अठ्ठावन्न, गुडघे. उघाडीचं नाव मीच दिलं. ॲपमध्ये ठिकाण निवडायच्या यादीत चिंचखार नव्हतं, म्हणून मी आगरदांडा जेट्टी निवडली. मला वाटलं, पाणी ते पाणी. त्या खाडीच्या काठावर मी वाढलो, सोळा वर्षं शिकलो, आणि भाताचा टोप मला ठाऊकच नव्हता. आत्याने काही लपवलं नव्हतं. मी कधी विचारलं नाही.

तुला येतं आणि तू गप्प बसतेस. मला येत नव्हतं आणि मी फॉर्म भरला. यात मोठा गुन्हा कुणाचा ते नंतर ठरवू. आधी फळी.

तुझा,
दादा


चिंचखार
१६ ऑगस्ट २०२५

ती. दादास,
तुझ्या वाया गेलेल्या बहिणीचा जयभीम. वि. वि.

तुझं पत्र तेराला आलं. गुणाजीकाकांनी ते उन्हात वाळवून दिलं. तुझ्या माणसाचा फोन मात्र बाबांना दहालाच आला होता. कुणीतरी अनोळखी माणूस धापा टाकत म्हणत होता की उद्या उघडू नका. बाबा म्हणाले की आम्ही काही उघडत नसतो, लिंक पाठवायचीच नाही, आणि फोन कापला. रात्री जेवताना छाती फुगवून सांगत होते की आज एका चोराला ओळखला.

तर अकरा तारीख. मांडव झकास. माझे चौदा ‘शाश्वत’ वाऱ्यावर फडफडत होते. पाहुणे सोफ्यावर, गावाचे दीडशे लोक खुर्च्यांवर, दिनानाथकाका फेटा बांधून. आत्यासाठी शेवटच्या रांगेत खुर्ची होती, पण ती आलीच नाही, ती घरी चुलीपाशी. सरांनी भाषणात सांगितलं की आपली मुलं उद्याचं जग घडवणार. तेव्हा उद्याचं जग पुढे बसून खिचडीचा वास येतो का ते बघत होतं.

मी मोरीपाशी उभी होते, गुंडाळलेली शाल हातात धरून. हसू दाबायची तयारी पण करून आले होते. पाणी फळ्यांना असं थोपटत होतं, जसं म्हशीला थोपटतात. काळा दगड कुठे खोल गेला होता, मागमूस नाही. मग यशरा आली. नवा फ्रॉक, डोळ्यांत सुरमा, छातीशी टॅबलेट. दिवा अजून लाल. तिने मोरीत वाकून बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. तोंडाने काही विचारलं नाही पोरीने, नुसतं बघितलं. तिला दगड दिसत नव्हता आणि मला तिच्या मागे आपला पहिला तुकडा दिसत होता. आईने लावलेला. मी पण लावलेला, वाकडा, ओळीत नसलेला, शिव्या खात. तोपर्यंत माझ्या डोक्यात फक्त सोफा होता रे. शपथ.

तेवढ्यात दिवा हिरवा झाला. बँड वाजला. पाहुणे उठले आणि यशराचा हात धरून फळी उचलायला अडकवलेल्या लोखंडी कडीकडे नेला.

सरांना जाऊन सांगायला वेळ नव्हता, आणि सांगून तरी काय, पुस्तिकेत दगड नाही. मग मला जे येतं ते मी केलं. बांधावर चढले आणि पोटातून ओरडले की खांड गेली, खांड गेली!

दादा, तू ते बघायला हवं होतंस. दीडशे माणसं एका झटक्यात उठली. खुर्च्या आडव्या. दिनानाथकाका फेट्यासकट धावले, बँडवाल्याने ढोल टाकून घमेलं उचललं, बायकांनी पदर खोचले, मोहल्ल्यातून लोक फावडी घेऊन आले. सगळे ओरडत होते, कुठं, कुठं. पाहुण्यांना कुणीतरी ओढत बांधावर आणलं आणि त्यांच्या हातात चिखलाचा गोळा दिला. ते तो धरून उभे राहिले, कुठे टाकायचा ते विचारत. कडीपाशी कुणी उरलं नाही. यशरा तेवढी माझ्या मागे.

बांध शोधला, या टोकापासून त्या टोकापर्यंत. खांड कुठेच नाही. मग हळूहळू सगळी डोकी माझ्याकडे वळली. आजवर कुणी हे केलं नव्हतं. पण बांधावर आले होते ना सगळे, मग खाडीकडे पाठ करून किती वेळ उभे राहणार? पाणी चढत होतं. डोळ्यांदेखत, एक-एक बोट. आणि यशराच्या हातात दिवा हिरवागार. संस्थेच्या मॅडमनी विचारलं की ओहोटी लागलीय तर पाणी वर का येतंय. अंबाजी सरांनी दिव्याकडे बघितलं, पाण्याकडे बघितलं आणि म्हणाले की ॲप बरोबर आहे, आज पाणी उशिरा आलंय.

कुणी हसलं नाही, मीसुद्धा. दिनानाथकाकांनी फेटा काढला. ते फळीच्या कडीकडे बघत होते, मग आतल्या हिरव्या शेतांकडे. म्हातारी माणसं खाली बघत होती. त्यांना सगळ्यांना माहीत होतं रे, टोप आणि दगड दोन्ही. पण मोबाइलमध्ये आलंय म्हटल्यावर आपलं आपल्यालाच खोटं वाटायला लागतं.

मग आत्या आली, हातात पळी तशीच. म्हणाली की माझा टोप आत्ता उतरला, आता वळंल बगा. मॅडमनी घड्याळ लावलं. सव्वादोनला पाणी थांबलं आणि वळलं. काळा दगड दिसायला मात्र सहा वाजले, तोपर्यंत मांडववाला मांडव सोडून गेला होता.

संध्याकाळी जोळ बसली. आत्याचा विषय कुणी काढलाच नाही. फळ्या उचलायची ती सुटी कडी तिच्याच कमरेला राहिली, जणू कधी कुणी मागितलीच नव्हती. शालही परत गेली, ती पुढच्या कार्यक्रमाला चालेल. मी मात्र सुटले नाही. खोट्या आरोळीला माफी नाही, असं दिनानाथकाका म्हणाले, आणि बरोबर बोलले. शिक्षा अशी की भात कापून घरात येईपर्यंत प्रत्येक उधाणाला, दिवसा असो की रात्री, मी आत्याबरोबर उघाडीवर बसायचं. सांगताना ते माझ्याकडे बघत नव्हते. जाताना मात्र आईला म्हणाले की पोरीला छत्री दे.

आणि हे ऐकून डोळे मीट आणि श्वास घे. संस्थेचा अहवाल आला. ‘चिंचखार येथे समुदाय आपत्ती सराव यशस्वी, अकरा मिनिटांत दीडशे ग्रामस्थ बांधावर.’ सरांना नवोपक्रमाचं प्रमाणपत्र मिळालं. ॲपमध्ये ‘स्थानिक दुरुस्ती: पंचेचाळीस मिनिटे’ असं आलंय. आत्याचं नाव कुठेही नाही, टोपाचं पण नाही. माझा फोटो आहे, चिखलाने माखलेला, खाली लिहिलंय ‘लाभार्थी युवती’.

तू फॉर्म भरलास म्हणून मी रागावणार होते. पण मग गुडघ्यांचं वाचलं. आत्याला वाचून दाखवलं. ती म्हणाली की रतन लहानपनी उघाडीवर यायचा तवा पुस्तक घिऊन यायचा, म्या त्याला हाक मारली न्हाय, वाटलं, शिकतोय. म्हणजे तिनेही कधी सांगितलं नाही. झालं, तिघं सारखे.

लोभ ठेवायचा की काढून घ्यायचा, ते तू ठरव. आरोळी मी दिलीय, आता मला माणसांत धरतोस का ते कळव.

तुझी,
मैत्री


वरची वाडी
२४ ऑगस्ट २०२५

चि. मैत्रीस, जयभीम.

धरतो.

पाऊणकी इथल्या मुलांना शिकवली. ठकूने विचारलं की गुरुजी, डोंगरावर भरती येते का? मी म्हटलं, नाही. मग कशाला शिकायची, असं ती म्हणाली. मी तिला विचारलं की तुमच्याकडे काय मोजतात आणि कसं. दुपारी सगळ्या वर्गासकट ती मला ओढ्यावर घेऊन गेली. दगडाखालच्या चिंबोऱ्या वर सरकल्या की पाणी किती वेळात वाढणार, हे ती बोटांवर सांगते. त्या दिवशी हे मला येत असतं तर मी स्वतः ओढा ओलांडून आलो असतो. आता वहीत लिहून घेतोय. तपासायला ठकू आहे. लाल पेन तिलाच दिलं.

दिवाळीला येतो. तोवर आत्याच्या गुडघ्यांकडे बघ.

दादा


चिंचखार
१० सप्टेंबर २०२५

ती. दादास,
शिक्षा भोगणाऱ्या बहिणीचा जयभीम. वि. वि.

ठकूला माझा लाल सलाम सांग.

अंबाजी सर आले होते, उघाडीवर, पॅन्ट दुमडून. शनिवारी शेवटचा तास ‘पारंपरिक ज्ञान’ म्हणून लावायचाय, पाऊणकी शिकवशील का, असं विचारत होते. मी म्हटलं की सर, मी गणितात दोनदा नापास. ते म्हणाले की वेळापत्रकात तो तास गणित या विषयात धरलेला नाही. मग मी अट घातली की तास इथेच, बांधावर होणार. आता शनिवारी एकतीस पोरं फळ्यांवर पाय सोडून पाऊणकी म्हणतात आणि यशरा टॅबलेटचा दिवा टोपाशी ताडून बघते. चुकला की ती त्याला ओरडते. ऑक्टोबरात मी गणिताचा फॉर्म पुन्हा भरतेय, म्हणून पाढा चुकला की ते ओरडणं माझ्याही वाट्याला आहे.

काल वद्य बीज होती. दुपारचं उधाण, महिन्यातलं सगळ्यात मोठं. मी आणि आत्या फळ्यांपाशी, फटी लिंपून झालेल्या. पाणी चढत होतं, वारं सुटलेलं. आत्या फार वेळ माझ्या हातांकडे बघत होती. मग तिने कमरेची कडी सोडली, माझ्यासमोर बांधावर ठेवली आणि घराकडे चालायला लागली. मी घाबरून विचारलं की कुठं निघालीस, भर पाणी आहे. ती मागे न बघता म्हणाली की टोप उतराय झाला.

काळा दगड दिसेपर्यंत मी जागची हलले नाही. नंतर तिच्याकडे गेले तर ती ताट धुवत होती. बावीस वर्षं बिजेच्या दुपारी ती गार भात खात आली. काल तिने गरम खाल्ला.

माझ्यासाठी झाकून ठेवला होता. गार झाला होता तो.

लोभ असाच ऊन ऊन असू दे, आणि दिवाळीला येताना पुस्तक आणू नकोस, फावडं आण.

तुझी,
मैत्री